आत्याचा लाल बाण

आमच्या आत्याला घरीदारी प्रत्येकजण वेगळं नाव ठेवायचा आणि ते सगळे शब्द चुकीचे असायचे, याचाच मला जास्त राग यायचा. बाबा तिला किरकिरी म्हणायचे. किरकिऱ्या माणसाला काहीच आवडत नाही. आत्याला आवडायचं, फक्त क्वचित. शेजारच्या काकूंच्या मते ती नखरेल. अहो, नखरे करायला कुणीतरी बघणारा लागतो! आत्या तर एकटी असतानाही पडद्याची वाकडी शिवण दिसली की घास हातात धरून बसायची. आई तिला चिकित्सक म्हणायची. तेही बरोबर नाही. चिकित्सक माणूस दहा प्रश्न विचारतो, आत्या एका नजरेत निकाल लावून मोकळी. मी तिला चोखंदळ म्हणायचे. चोखंदळ माणसाला चांगलं काय ते ठाऊक असतं आणि ते मिळेपर्यंत तो थांबतो. आत्या चाळिशी उलटेपर्यंत थांबली होती.

ती शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. तयार शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, काजं, बटणं बघायची, चूक दिसली की तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचं. मग तो शर्ट दुरुस्तीला जायचा आणि फिरून त्याच चेकरकडे यायचा. चेकरनं स्वतः काही दुरुस्त करायचं नाही, लोंबता दोरासुद्धा तोडायचा नाही, असा तिथला कडक नियम. स्टिकरची पट्टी आत्या मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायची. घरात उशीच्या अभ्र्यावर बाण, बाबांच्या नव्या पँटवर बाण. एकदा माझा भांग वाकडा पडला, तर केसांतही बाण.

आलेल्या प्रत्येक स्थळाला तिनं नकार दिला. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," बाबा कपाळावर हात मारायचे, "आणि आमच्याकडे विघ्न म्हणजे नकटी स्वतःच!"

मग घड्याळजी आले. आत्यानं आपलं घड्याळ त्यांच्या दुकानात दुरुस्तीला टाकलं होतं, तिथली ओळख. "बरे आहेत," ती आईला म्हणाली, आणि आई हातातलं काम टाकून बघतच राहिली. आत्याच्या तोंडी 'बरे' म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. रविवारी ते चहाला येणार म्हणून ती सकाळपासून आरशापुढून हलेना. हे लग्न जमावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते लपवणं तिला काही जमत नव्हतं.

चहा झाला, गप्पा छान रंगल्या. घड्याळजी निघाले, आत्या दारापर्यंत गेली. फोन हातात होताच. "वरून तिसरं बटण," ती म्हणाली आणि तिनं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बाण चिकटवला.

बटण खरंच निळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. घड्याळजींनी मान खाली घालून पाहिलं, "अच्छा," म्हणाले आणि बाणासकट जिना उतरून गेले.

"जित्याची खोड!" बाबा ओरडले. "हातचं स्थळ घालवलंस!"

"दादा, हात आपोआप गेला रे," आत्या रडकुंडीला आली होती. "मला नाही म्हणायचं नव्हतं."

तो आठवडाभर घरात एकही बाण लागला नाही. मी मुद्दाम भांग वाकडा पाडला, तरी स्टिकरची पट्टी कव्हरमधून बाहेर आली नाही. मला तिची फार दया आली.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात घड्याळजी. तोच शर्ट, आणि तोच बाण, कडेनं जरा सुटलेला.

"दुरुस्त करून आणलाय," ते म्हणाले. "त्याच चेकरला दाखवायचा असतो ना? दुकानात तुम्हीच सांगितलं होतंत."

आत्यानं वाकून बटण पाहिलं. दोरा पांढरा, टाके सारखे. बाबा मागून डोकावत उभे.

"खाली दोरा लोंबतोय," आत्या म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले.

"मग परत नेतो," म्हणत घड्याळजी वळले.

"थांबा हो," आत्या म्हणाली, आणि पुढे होऊन तिनं तो दोरा दातांनी तोडला.