लॉरा पिंबल्टनची मिशी

आमच्या कोर्चा गावात पांदेली झिको नावाचे लेखक राहत. कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या नऊ कादंबऱ्या छापून आल्या. सगळ्यांत नायक-नायिका सामुदायिक शेतावर भेटायची, पिकाचं उद्दिष्ट पुरं करायची आणि मगच एकमेकांकडे बघून हसायची. त्यापुढे जायला मनाई होती.

राज्य कोसळलं, सरकारी छापखाना बंद पडला. मी फुटपाथवर पुस्तकं मांडून बसू लागलो. लोक उचलायचे ते फक्त परदेशी प्रेमकथा.

एकदा पांदेलीकाका येऊन म्हणाले, "थोमा, माझं काही खपतंय का रे?"

"खपतंय ना! कोपऱ्यावरची बाई त्याच्या पानांत चीज भरलेले गरम ब्युरेक बांधून देते."

काका तणतणत गेले. हिवाळाभर दिसले नाहीत. बर्फ वितळल्यावर उगवले ते पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच. वर लिहिलेलं: लेखिका लॉरा पिंबल्टन, अनुवाद पांदेली झिको. मी पान उघडलं. इंग्लंडचा सरदार चुंबन घेता घेता गवताच्या कापणीचं कौतुक करत होता.

"काका, ही लॉरा मिशी ठेवते का हो?"

"गप बस आणि वीक!"

पुस्तक हातोहात गेलं. त्यांची बायको एफ्ताली मात्र ते वाचून भडकली. "एवढं सगळं येतं तुम्हाला? मग माझ्या वेळी कुठे गेलं होतं?"

पूर्वी काकांच्या लिखाणावर लाल पेन्सिल चालवणारे एक समीक्षक आता स्वातंत्र्यावर बोलत फिरायचे. त्यांनी वाचनालयात लॉरावर भाषण ठोकलं. "इतकं मोकळं लिहिणं आपल्या झिकोंना जन्मात जमलं नसतं!"

काका ताडकन उठले. "लॉरा मीच आहे!"

मागून एक बाई कडाडली, "त्या बिचारीचं नाव लाटता? लाज नाही वाटत?"

कुणाचाच विश्वास बसेना. शेवटी एफ्ताली उभी राहिली. "अहो, हेच ते! पुस्तकातला सरदार बुटांसकट झोपतो, घोरतो, तो माझ्या घरी आहे. कुणाला हवाय?"

सभेत हशा उसळला. समीक्षक बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पुढची कादंबरी काकांनी स्वतःच्या नावावर काढली. खप बेताचाच. पण घेणारे माझ्याकडे परत येऊन भांडायचे, नायिकेनं असल्या चांगल्या नवऱ्याला सोडलंच का? मग काका तिथेच स्टूल टाकून बसू लागले आणि तावातावानं उत्तरं देऊ लागले. आधीच्या नऊ पुस्तकांना सभेत टाळ्या पडल्या होत्या; भांडायला कुणी आलं नव्हतं.

"आज एक मास्तर मला मूर्ख म्हणाला," असं ते एफ्तालीला घरी जाऊन कौतुकानं सांगत.