ग्लासाखालचं कूपन

माझी भाची मिझुहो नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना लसीकरणाच्या पेपरात वर्गात पहिली आली. जपानातल्या त्सुबामे गावात पिढ्यान्‌पिढ्या चमच्यांना पॉलिश करणारं आमचं घर. तिथं अभ्यासात पहिली आलेली ही पहिलीच पोर. मी कौतुकानं सणासुदीचा लाल भात रांधून पाठवला.

वॉर्डात ती परक्यांना चांगली दटावायची. "आजोबा, न्यूमोनियाची लस चुकवायची नाही हं!" म्हातारेही मुकाट्यानं दंड पुढे करायचे. घरी मात्र तोंड शिवलेलं. माझा धाकटा भाऊ कात्सुहिको, म्हणजे तिचा बाप, समोर बसला की त्या घरातल्या बायका वाढण्यापुरत्याच बोलतात. मी सोडून.

त्या वसंतात तिची थोरली बहीण चिझुरु माहेरी आली. नुकतेच दिवस राहिलेले, पोटात पाणी ठरेना. तपासणीत निघालं, रुबेलाशी लढण्याइतका जोर तिच्या रक्तात नाही, आणि गरोदर बाईला ती लस देता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "घरातल्यांनी घ्या. हिला लागण झाली तर बाळाचे डोळे, कान जाऊ शकतात."

कात्सुहिकोच्या वेळी शाळेत ही लस फक्त मुलींना टोचायचे. म्हणून त्या वयाच्या पुरुषांना नगरपालिकेनं फुकट तपासणीचं आणि लसीचं कूपन पाठवलं होतं. मिझुहोनं हे सगळं पेपरात लिहून पैकीच्या पैकी मिळवले होते.

एका रात्री जेवताना तिनं ते कूपन बापापुढे सरकवलं. मी तिथंच होते.

"बाबा, हे..."

"काय गं?" पॉलिशच्या यंत्रांच्या घरघरीनं त्याचे कान कधीच निकामी केलेत.

"लस! रुबेलाची!"

"मला कुठं बाळंत व्हायचंय?" तो खो खो हसला आणि बिअरचा ग्लास त्या कूपनावरच ठेवला. "कारखान्यात पोरं हसतील मला."

"हसू देत की मेली!" मी म्हटलं.

"राहू दे आत्या, जेवू दे त्यांना," मिझुहो पुटपुटली आणि त्याचा ग्लास भरला.

पुढं तो माल घेऊन ओसाकाला गेला. आल्यावर थोडा ताप, अंगावर पुरळ. बिअर बाधली म्हणाला. चिझुरुच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा मिझुहो पांढरीफटक पडली.

मुलगा झाला, इत्सुकी. गोरा, हसरा, आणि दार धाडकन आपटलं तरी न दचकणारा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आजोबांकडून आईला, आईकडून बाळाला. त्याला ऐकू येणार नाही.

"आत्या, मला सगळं माहीत होतं गं," मिझुहो माझ्याकडे येऊन रडली.

"माहीत असून काय चाटायचंय?" मी बोलून गेले. ते आठवलं की अजून जिवाला लागतं. बापापुढे बोलायला त्या घरात तिला शिकवलं होतं कुणी?

परवा संध्याकाळी कात्सुहिको नातवाच्या मागं बसून चमच्यावर चमचा आपटत होता. पोर समोरच्या पडद्याकडे बघत राहिलं. बराच वेळ आपटून तो उठला, कपाटातून ते कूपन काढलं. ग्लासाचा गोल डाग तसाच होता. कोट चढवून मिझुहोपुढे उभा राहिला.

"चल. कुठं टोचतात ते दाखव."

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, आता तुम्हाला लस लागत नाही. तुम्हाला रुबेला होऊन गेला."

"काय?"

तिला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.