आईचे कॉलम

लालबागला आमच्या खोलीखालच्या गाळ्यात आई जेवणाचे डबे करते. तिची बहुतेक गिऱ्हाइकं परळच्या टॉवरांतली, ऑफिसात बसून वेबसाइटवरून ऑर्डर देणारी. ही वेबसाइट मी केलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. प्रोग्रामिंग माझा धंदा आहे आणि त्या कामाबद्दल माझ्याकडे बोट दाखवलेलं मला चालणार नाही. ती आमच्याच मजल्यावरच्या एका भाडेकरूने करून दिली आणि मग तो विरारला राहायला गेला.

आईच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. वरती आडवे पदार्थ, खाली एकाखाली एक गिऱ्हाइकं, मध्ये आकडे. भाडेकरूने हाच फळा जसाच्या तसा डेटाबेसात उतरवला, म्हणजे प्रत्येक पदार्थाला एक कॉलम. जाणकार माणूस हे बघून कपाळावर हात मारून घेईल. पदार्थ ओळींत ठेवायचे असतात, कॉलमांत नव्हे. पण आईला ते फळ्यासारखं दिसलं म्हणून पटकन कळलं, आणि नवीन कॉलम टाकायला ती कुणाला न विचारता शिकली.

एके दिवशी तिने सोलकढीचा कॉलम टाकला. भाताच्या शेजारी टाकला, कारण सोलकढीची जागा भाताशेजारीच. भाडेकरूने केलेल्या वेबसाइटच्या पानावर मात्र पदार्थांची नावं हाताने लिहिलेली होती आणि आकडे नुसत्या क्रमाने उचललेले. मध्ये एक कॉलम घुसल्यावर पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले. चपातीखाली सोलकढीचा रिकामा कॉलम आला आणि उसळीखाली चपात्यांचा आकडा. आईने पडद्यावर दिसलं ते भरलं. एका ऑफिसात चपात्यांच्या हिशेबाने उसळ गेली आणि चपाती एकही नाही. ही उसळ आता प्यायची का, असं त्यांनी फोन करून विचारलं.

नेमकी त्याच आठवड्यात मला बंगळूरची नोकरी लागली होती. मी पानावर सोलकढीचं नाव योग्य जागी घातलं आणि आईला सांगितलं की पुढच्या वेळी पदार्थ वाढवलास की मला फोन कर, मी तिथून बदलून देईन. तिने चपातीवरचा हात थांबवला.

"म्हणजे तुका इचारल्याशिवाय माका एक सोलकढी पण वाढवूक येवची नाय?"

वडील गेल्यावर तिने हा गाळा एकटीने उभा केला होता. मुलीच्या फोनवर चालणारा धंदा तिला नको होता, त्यापेक्षा शटर ओढीन म्हणाली. मला जाऊ नको असं ती मेली तरी म्हणाली नसती. पण तिला असं अडकवून जाणं मलाही जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं, माझ्यावाचून चालेल असं पान आधी लिहायचं आणि मगच बॅग भरायची.

डेटाबेसला काही विचारलं की उत्तरात नुसते आकडे येत नाहीत. किती कॉलम आले, कुठल्याचं नाव काय, कशात आकडा आहे नि कशात मजकूर, ही सगळी माहिती सोबत येते. डब्याच्या झाकणावर आत काय आहे ते लिहिलेलं असावं, तसं. भाडेकरूने ते झाकण कधी वाचलंच नव्हतं. मी पानाला ते वाचायला लावलं. नावं हाताने लिहायची नाहीत, उत्तरालाच विचारायची. कॉलम आकड्याचा असेल तर नगाचा चौकोन दाखवायचा, मजकुराचा असेल तर लिहायला मोठी जागा. माझ्या तेव्हाच्या ऑफिसातल्या सीनियरने हे पाहून नाक मुरडलं आणि डेटाबेसातलं टेबलच मोडून पदार्थ ओळींत घाल म्हणाला. डबे माझी आई करते, तू नाही, असं त्याला ऐकवलं. आजही तेच ऐकवेन.

झाल्यावर आईने घावण्यांचा कॉलम टाकला आणि मी मोबाइल घेऊन गल्लीत उभी राहिले. घावणे आले, बरोबर जागेवर, चौकोनासकट. आईने मान डोलावली आणि नारळ खवायला बसली. मला मात्र तिथेच नाचावंसं वाटलं.

बंगळूरला आले आणि फोन थांबले. म्हणजे मी करायचे, ती उचलायची, गडबडीत आहे म्हणायची आणि ठेवायची. तिचा म्हणून फोन कधी नाही. मी जेवताना आमचं पान, आलेल्या ऑर्डरींसकट, उघडून बसायचे. आंबोळी आली, काळ्या वाटाण्याची उसळ आली, मग एक मजकुराचा कॉलम आला, "काय सांगूचा आसा?" लोक त्यात लिहीत होते की तिखट कमी घाला, सासरे आजारी आहेत, भात मऊ द्या. मला हे सुचलं नव्हतं. अभिमान वाटला आणि खूप एकटंही वाटलं. जे करायला गेले होते ते इतकं चोख झालं होतं की माझी कुणालाच गरज उरली नव्हती.

एका रविवारी मी त्या जागेत लिहिलं, "आई, मला तुझी आठवण येते." सगळे नग शून्य ठेवले आणि ऑर्डर पाठवली.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना पान उघडलं तर सर्वांत शेवटी नवा कॉलम होता, "आमचा चेडू कधी येता?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. तो कॉलम तिने तारखेचा केला होता. तारखेच्या कॉलमला कॅलेंडर दाखवायची सोय मी जाता जाता करून ठेवली होती, आईला सांगायचंही राहिलं होतं. तिने ती शोधून काढली होती. परळच्या गिऱ्हाइकांनी तोवर आपापल्या परीने माझ्यासाठी तारखा भरायलाही सुरुवात केली होती. मी कॅलेंडर उघडलं, त्यांच्या सगळ्यांच्या आधीची तारीख निवडली, ऑर्डर पाठवली आणि मग साहेबांकडे रजा मागायला गेले.