व्हॅनमधला रेडिओ आणि तीन रविवार

बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्या, त्या वर्षी मी सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होतो. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. मुलीलाही मग तिकडच्याच शाळेत घातलं. आठवडाभर ऑफिस मला ओढून नेई. रविवारी मात्र कपडे धुऊन, वाळत घालून मी मोकळा झालो तरी घड्याळात साडेनऊच वाजलेले असत.

शेजारच्या बहुमजली कारपार्कच्या वरच्या उघड्या मजल्यावर मी फेऱ्या मारायला जायचो. तिथेच एक चिनी अंकल भेटले. सत्तरीचे, पूर्वी बस चालवायचे. बायको वारल्यावर त्यांनी भावाची जुनी व्हॅन घेतली होती, ती तिथेच उभी असे, आणि मागच्या भागात फळ्यांचा पलंग, पाण्याचा कॅन, पडदे असं एक फिरतं घर थाटलं होतं. समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मलेशियात शिरायचं, वाटेत मुक्काम करत उत्तरेला बहिणीच्या गावी जायचं, असा त्यांचा बेत.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "तू आयटीवाला ना? हे बसवता येईल?"

हातात जुन्या बाजारातून आणलेला सॅटेलाइट रेडिओ होता. मी तो बघताक्षणी ओळखला. अगदी तसाच आमच्या पुण्याच्या घरी होता. वडील पूर्वेच्या खिडकीत त्याचा चपटा अँटेना ठेवायचे आणि दिवसभर शास्त्रीय संगीत ऐकायचे. मग ते कार्यक्रम उपग्रहावरून पाठवणारी कंपनीच बुडाली, प्रक्षेपण थांबलं. वडील पुढे कितीतरी दिवस रोज सकाळी तो एकदा लावून बघत.

म्हणजे हा रेडिओ आता कधीच बोलणार नव्हता. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"येईल की, अंकल," मी म्हणालो.

पहिल्या रविवारी आम्ही वायर ओढली. सीटखालून, पायपुसण्याखालून, थेट बॅटरीपर्यंत. मध्ये फ्यूज टाकला. अंकल टॉर्च धरून माझ्याजवळ उकिडवे बसले होते. दुपारी त्यांनी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून दोघांसाठी नूडल्स आणल्या. माझ्यासाठी न विसरता बिनमांसाच्या. कुणीतरी माझं जेवण लक्षात ठेवून आणलं, याला किती महिने झाले होते, ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या रविवारी अँटेना टपावर बसवला. रेडिओच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'सिग्नल नाही'. मी कोन बदलला, पुन्हा बदलला. उपग्रह सिंगापूरहून जवळजवळ डोक्यावर येतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी उगाच डावी-उजवीकडे करत राहिलो. अंकल आकाशाकडे बघत त्यांच्या सिंगापुरी लकबीत म्हणाले, "आज ढग आहेत, लाह. पुढच्या रविवारी लागेल." मग बायकोबद्दल बोलले. ती गाडीत सतत गुणगुणायची, म्हणून आता शांततेत गाडी चालवणं त्यांना जमत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी निघण्याआधी पुण्याहून फोन आला. मी बायकोला सगळं रंगवून सांगत होतो. ती मध्येच थांबवून म्हणाली, "अरे, पण तो रेडिओ तर बंद झालाय ना? तुझ्या बाबांचा तोच होता."

"हो."

"त्यांना सांगितलंस?"

मी पान्हे पिशवीत भरत राहिलो.

"मग कशासाठी बसवतोयस?" तिनं विचारलं. आणि लगेच, अगदी हळू, "जाऊन सांग त्यांना."

मी वर गेलो. अंकल स्टुलावर बसून माझी वाट बघत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"हो, अंकल."

"मी तीन रविवार थांबलो. बहिणीला म्हटलं, रेडिओ झाला की निघतो. ती रोज फोन करते."

मला वाटलं ते चिडतील. ते फक्त हातातला टॉर्च खिशात ठेवू लागले, आणि तो काही केल्या खिशात जाईना. मी म्हटलं, "सॉरी. मला रविवारी दुसरं काही नसतं." त्यांनी शेवटी टॉर्च स्टुलावर ठेवून दिला.

मी तसाच खाली उतरलो, दुकानात जाऊन कारचा एक साधा रेडिओ घेतला आणि परत वर आलो. वायरिंग तयारच होतं. अर्ध्या तासात स्टेशन लागलं. चिनी गाणं, मध्येच खरखर. अंकलनी आवाज थोडा वाढवला. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनीही आग्रह केला नाही. 'तूही चल दोन दिवस' असं ते म्हणतील, अशी एक वेडी आशा मला व्हॅनचं दार लागेपर्यंत होती.

दोन दिवसांनी ऑफिसमधून येताना वर जाऊन पाहिलं, तर त्यांची जागा रिकामी होती. महिन्याभरानं ते परतले. बाजारात, बसस्टॉपवर भेटायचे, मान हलवायचे. "जेवलास?" विचारायचे, मी "हो" म्हणायचो. वर मात्र त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि मीही फेऱ्या मारायला खालच्या मैदानावर जाऊ लागलो. वर्षअखेरीला मी पुण्याला बदली मागितली. साहेबांनी कारण विचारलं. सासऱ्यांचं आजारपण, असं मी लिहून दिलं.