सांडव्यावरच्या गोण्या

आमच्या गावचं तळं म्हणजे मातीचा एक बांध, पाणी सोडायला एक तूम आणि बाजूला दगडी सांडवा. एवढ्यावर खालच्या वावरांतली ज्वारी आणि हरभरा पिकतो. काका तिथले नीरडी. कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं हे तेच ठरवत, आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. माझी होती, मी शिकलेला ना.

पोळा झाला की सांडव्यावर मातीच्या गोण्या रचायच्या, हातभर पाणी जास्त अडवायचं, अशी गावची रीत. आभाळ भरून आलं की मात्र काकांनी त्या उपसायच्या, म्हणजे जादा पाणी निघून जातं.

त्या वर्षी मी मंचेरियलहून सुट्टीवर आलो होतो. दुपारी काका गोण्या काढायला निघाले, तर मी मोबाइल पुढे केला.

"काऊन काढून राह्यले काका? दोन दिवस पाऊस नाही म्हणते यात. हातचं पाणी घालवता का?"

ते बराच वेळ उटनूरकडच्या आभाळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू म्हनतं त राहू दे."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं.

पहाटेपासून पाऊस नुसता कोसळत होता. उजाडल्यावर धावत गेलो, तर पाणी बांधाच्या माथ्याला टेकलेलं. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गोण्या ओढत होते आणि भिजलेल्या गोण्या काही हलत नव्हत्या. मी उतरणार, तेवढ्यात बांधाच्या मधोमध पाणी पलीकडे पडू लागलं. आधी ओंजळभर. मग बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. वावरं खरवडून निघाली. माणसं, जनावरं वाचली, पण तळं डोळ्यांदेखत रिकामं झालं. 

दुपारी पारावर गाव जमलं. एकानं विचारलं, "गोण्या काऊन नाही काढल्या?"

"इसरलो," काका म्हणाले. "वय झालं आता."

मी हबकलो. गावानं तिथल्या तिथं त्यांचं नीरडीपण काढून घेतलं. मी त्यांना खेटून बसलो होतो, पण तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी मंचेरियलला निघून आलो.