आमचे अनेकवचनी सर

इंग्रजी शिकवणारे आमचे सर पुस्तकातलं वाक्य कधी फळ्यावर लिहीत नसत. पुस्तकात कुठल्याशा बागेत चेंडू खेळणारी मुलं होती, तळ्याकाठी बदकांना पाव घालणाऱ्या बायका होत्या. सर पुस्तक उघडत, त्या बदकांकडे बघत आणि पुस्तक मिटून ठेवत. "बदकाला पाव चारायलेत! इथं आपल्याला चहासंगं मिळंना," असं म्हणून खिडकीशी जात. आमच्या वर्गाची खिडकी गावातल्या कडुलिंबाच्या पारावर उघडायची. तिथं जे दिसेल त्याचं सर वाक्य करत, आणि गावाची डोकेदुखी तिथूनच सुरू झाली.

सर पाथरीकडचे. गंगाखेड आणि सोनपेठच्या मधात आमचं गाव. तिथं गिरणीच्या मागच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचे. अंगानं काटकुळे, मिशीला कायम खडू लागलेला. त्यांचा जीव एकाच गोष्टीवर होता: 'हू' आणि 'व्हिच' लावून जोडायची वाक्यं. जे लोक अमुक करतात, ते तमुक करतात. "तुमी जलमल्यापासून हेच बोलायलाव की! जी मेंढी मागं राहती ती लांडग्याची. झालं! नुसतं व्हिच टाकायचं राहिलंय." अवघड क्रियापदांचा त्यांना तिटकारा. "येनं, जानं, खानं, बसनं, झोपनं. एवढ्यावर अख्खी जिंदगी निघती. बाकीची साहेब लोकांला लागतात."

एकवचन-अनेकवचन शिकवायला ते बाकावरच्या एका पोराला उभं करत. "हा येतो. एस लावा." मग अख्खा बाक उभा. "आता हे येतात. गेला एस! मानसं झुंडीनं आली की कायतरी गळतंच. आपल्याकडं अक्कल गळती, इंग्रजीत एस गळतो." मी आज नर्सिंगच्या पोरींना शिकवते, तरी चार जणी एकदम दारात आल्या की मला तो गळालेला एस आठवतो आणि हसू येतं.

पहिला भडका उडाला तो पारावरून. सरांनी लिहिलं, "द मेन हू सिट अंडर द ट्री ड्रिंक टी ऑल डे." पोरांनी ते घरी जाऊन अर्थासकट म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पारावरची मंडळी शाळेच्या दारात.

"कामून लिवलं आमच्यावर?"

"तुमच्यावर कुठं? नाव दाखवा. मेन लिवलंय. अनेकवचन हाय," सर म्हणाले. "जे झाडाखाली बसतात ते. तुमी बसता का?"

"आमी कवा बसतो?"

"मंग तुमचा काय संबंध?"

बसत नाही असं चारचौघांत म्हटल्यावर बसायची पंचाईत झाली. आठवडाभर पार ओस. तेव्हा पारासमोरचा चहावाला हात जोडत आला, "सर, माझ्या पोटावर कामून पाय देता?" सरांनी लगेच फळ्यावर लिहिलं की झाडाखाली बसणारी माणसं फार शहाणी असतात. संध्याकाळपर्यंत पार भरला. त्या चहावाल्यानंच मग त्यांना नाव ठेवलं. म्हणाला, "राम एकवचनी, आन् आमचे सर अनेकवचनी!"

बायकांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. नळावर बोलत बसणाऱ्या बायका पाणी विसरतात, असं सरांनी लिहिलं, तेव्हा कुणी भांडायला आलं नाही. उलट एक म्हातारी शाळेच्या कुंपणाशी येऊन म्हणाली, "सर, लय खरं लिवलं. आता पिऊन येनाऱ्या बाप्यांवर एक लिवा. आन् पोरांला ते मोठ्यानं पाठ करायला लावा, आमच्या आळीत आवाज गेला पायजे." सरांनी ते लिहिलं. आम्ही अंगणात बसून घसा फोडून पाठ केलं.

मी तेव्हा दहावीत. आमचं घर मेंढरांवर चालणारं. दहावी झाली की मी घरी बसायचं, कोकरं बघायची आणि स्थळ आलं की लग्न, हे ठरून गेलेलं होतं. मला अकरावीला गंगाखेडला जायचं होतं, पण वडलांपुढं, आबांपुढं, तोंड उघडायची माझी छाती नव्हती. एकदा सर वर्गात प्रत्येकाला पुढं काय करणार ते विचारत होते. माझी पाळी आली आणि मला रडूच फुटलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "सर, हिचे आबा न्हाई म्हनतात."

सर खिडकीशी गेले. नेमके आबा पाराजवळून मेंढरं घेऊन चालले होते. सर वळले आणि फळ्यावर लिहिलं, "द फादर्स हू काउंट देअर शीप एव्हरी इव्हनिंग फर्गेट देअर डॉटर्स." जे बाप रोज संध्याकाळी मेंढ्या मोजतात, ते लेकींना विसरतात. अनेकवचन खरं, पण वर्गात मेंढरंवाल्याची लेक मी एकटीच.

रात्रीपर्यंत गिरणीतून वाक्य आबांपर्यंत पोचलं होतं. सकाळी ते काठी आणि घोंगडी घेऊन थेट वर्गाच्या दारात उभे. मुख्याध्यापकांनी त्यांना येताना बघितलं आणि ते आपल्या खोलीत जाऊन कपाट आवरू लागले.

"सर, खोटं लिवलंय तुमी," आबा म्हणाले.

"काय खोटं, मामा?"

"आमी मेंढरं मोजत न्हाई. मोजलं की नजर लागती. तोंडं बघून कळतंय कोन आलं, कोन राहिलं. सगळं गाव म्हनायलंय, ह्यो मेंढरं मोजतो."

मी समजत होते आबा माझ्यासाठी चिडलेत. ते मेंढरांसाठी चिडले होते. सर खरोखर ओशाळले. "चुकलं, मामा," म्हणत त्यांनी डस्टर घेतलं आणि मेंढ्या मोजण्याचा मधला तुकडा तेवढा पुसला. मग मला म्हणाले, "काय राहिलं ते वाच. मराठीत सांग."

मी उभी राहिले. "बाप लेकींना विसरतात."

आबा फळ्याकडे बघत राहिले. "हे कुनावर लिवलंय?"

उत्तर सगळ्या वर्गाला पाठ होतं. पहिल्या बाकावरच्यांनी तर 'अनेकवचन' म्हणायला तोंडही उघडलं होतं. सरांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्यावर, मामा. दुसऱ्या कुनावर न्हाई."

आमचे सर शूर वगैरे अजिबात नव्हते. गल्लीतल्या कुत्र्याला भिऊन ते लांबच्या रस्त्यानं शाळेत येत. तेव्हाही त्यांचे कान लाल झाले होते. त्या लाल कानांवर माझा त्या दिवशी फार जीव जडला.

आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठं जायचं म्हनतीस?"

"गंगाखेडला. अकरावीला."

"येष्टीनं?"

"हां."

ते सरांकडे वळून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या तसंच. जूनमधी मी येऊन पुसतो. न्हाई आलो तर जलमभर ठिवा."

सरांनी वाक्याभोवती चौकट आखली. गणिताचे सर तिच्या बाजूनं गणितं सोडवत, आणि भूगोलाच्या तासाला गोदावरी चौकटीला वळसा घालून जाई.

जूनमध्ये माझा प्रवेश झाला आणि त्याच आठवड्यात सरांची पाथरीकडे बदली झाली. ते निघायच्या दिवशी आबा शाळेत आले. डस्टर समोर असताना त्यांनी घोंगडीच्या टोकानं ते वाक्य पुसलं, अगदी चौकटीसकट. मग सरांची ट्रंक खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत आले. मी मागून पिशवी घेऊन. एसटी दिसली तसे आबा एकदम म्हणाले, "सर, तुमी चाललाव. मंग बाकीच्या बापांचं काय?"

सर हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. काहीतरी बोलणार होते, पण कंडक्टर ओरडला आणि ते चढले. मी फाट्यावर उभी राहून मोठ्यानं रडले. आबांनी मला रडू दिलं.

परतताना निम्मी वाट संपल्यावर ते म्हणाले, "लय चावट मानूस. पन लिवायचा खरं."

चार पावलं गेल्यावर पुन्हा थांबले.

"मेंढरांचं सोडून."