अण्णा आधी जेवला

माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णाचा, वाढदिवस दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, पण तो हेडमास्तरांनी दिलेला. माझाही एक जूनच, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांचाही. अण्णा खरा जन्मला येळवशीला, वेळ अमावस्येला. त्या दिवशी आमच्या बिदर भागात गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात जेवायला. आईचे दिवस भरले होते, तरी ती भज्जीचं, म्हणजे डाळी-भाज्यांच्या मिसळीचं, पातेलं डोक्यावर घेऊन शेतात गेली आणि कडब्याच्या खोपीत अण्णा झाला. शेजारच्या शेतातली आज्जी धावत आली, तिनंच त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. ती आज्जी अजून आहे, आणि शिवारातल्या कुणालाही रागवायचा हक्क तिनं अजून सोडलेला नाही.

येळवशीला पूजा झाली, आंबील शेतभर शिंपडून झाली, की वाटेनं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडायचं नसतं. हे सगळेच पाळतात. अण्णा जरा जास्तच पाळतो. आमचं शेत जनवाड्याच्या रस्त्याला लागून आहे. आंबील शिंपडून झाली की हा रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि मोटरसायकली अडवतो. "आमी जेवूनच आलाव" म्हणणाऱ्याच्या गाडीची चावी काढून खिशात घालतो. सगळं शिवार जेवून लवंडलं की मग हा पातेल्याच्या तळाची भज्जी भाकरीनं पुसून खातो. स्वतःच्या वाढदिवसाला! वहिनी लग्न होऊन आल्यापासून हे बघतेय. तिनं आता बोलणं सोडून दिलंय.

मी बिदरला कॉलेजात होतो तेव्हा अण्णा रोज सकाळी बसमधून माझा डबा पाठवायचा. कंडक्टरच्या हातात द्यायचा, मी बस स्टँडवर जाऊन घ्यायचो. खोलीवर माझ्यासोबत निंबर्ग्याचा एक मुलगा होता. त्याचा डबा येत नाही, हे एकदा मी घरी बोलून गेलो. दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरी दुप्पट. पुढं कंडक्टरसाठीही वेगळी पुरचुंडी यायला लागली. "त्यो बी घरनं पहाटंच निघायलाय की," अण्णा म्हणाला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि ती पदवी मला त्या बसनं आणून दिली, असं मी मानतो. अण्णा दहावीनंतर शेतात गेला. हे मी कधी त्याच्यासमोर काढलं तर तो म्हणतो, "मला गणित येत नव्हतं रे," आणि उठून म्हशीकडं जातो.

म्हणून यंदा मी ठरवलं होतं की येळवशीला अण्णाला पहिला घास खायला लावायचा. बाकी काही नको. त्यानं बसावं, दुसऱ्यानं वाढावं, आणि त्याचं जेवण होईपर्यंत बाकीच्यांनी थांबावं.

मी आता गुलबर्ग्यात शिकवतो. सुट्टी टाकली आणि येताना मोठा केक घेतला. केक कापला की पहिला तुकडा वाढदिवसवाल्याच्याच तोंडात जातो, एवढा माझा हिशोब. शेतात पोचलो तर पूजा मांडून झालेली. केकचा डबा खोपीजवळ ठेवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. ह्यात अंडं हाय का रे?"

आम्ही बसवण्णाला मानणारी माणसं. आमच्या घरात अंडं येत नाही. आणि मी, एवढा शिकलेला, हे विचारायलाच विसरलो होतो. बेकरीला फोन लावला.

"सर, अंड्याबिगर येवडा फुगंल कसा?" बेकरीवाला म्हणाला, आणि हे सगळ्यांना ऐकू गेलं.

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. आई म्हणाली, "कामून शिकविलं रे ह्याला येवडं?" अण्णानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. गाडीत ठेव. कुणाचं तरी तोंड गोड हुईल."

आंबील शिंपडून झाली आणि तो रस्त्यावर गेला. थोड्या वेळानं वीटभट्टीवर चाललेला एक ट्रॅक्टर थांबला, आणि बघतो तर अण्णा माझ्याच गाडीतून केक काढून ट्रॉलीतल्या माणसांना वाटतोय. "आज माझा बड्डे हाय, घ्या, लाजू नका!" केक संपला. मग त्या सगळ्यांना खाली उतरवून त्यानं जेवायलाही बसवलं.

मी बांधावर जाऊन बसलो. पलीकडं आज्जी तिच्या खोपीपुढं पानं मांडत होती.

"तोंड कामून पाडलास?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. केकचं ऐकून ती पुष्कळ हसली. मग म्हणाली, "तुमच्या शेतात त्यो मालक हाय, त्यो आधी जेवंल कसा? माझ्या शेतात कोन हाय त्यो?"

मला कळायला एक क्षण लागला. आज्जीच्या शेतात तो पाहुणा!

आज्जी बांधावर उभी राहिली आणि तिनं अण्णाला त्याच्या बाळपणीच्या नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही. अण्णा आता ग्रामपंचायतीत बसतो. तो धावतच आला.

"आज्जी, अजून माझी मानसं जेवायची हायत."

"असू देत. माझ्या पानावरनं कोन उपाशी गेलाय का आजवर? तुला ह्या हातांनी घेतलाय मी. बा, कूडू!"

ये, बस, एवढाच त्याचा अर्थ. पण आज्जी कन्नडवर आली की पुढं बोलायचं नसतं, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे. अण्णा बसला. मांडी घालताना जरा अवघडला, हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना. आज्जीनं बाजरीचे वाफवलेले उंडे वाढले, भज्जी वाढली, तिच्यावर तेलाची धार धरली आणि समोर बसून राहिली. आमच्या खोपीजवळ आई आणि वहिनी हातातलं काम सोडून बघत होत्या. अण्णानं पहिला घास घेतला.

दुसरा घास तोंडात असतानाच त्यानं मान वळवली. "रस्त्यावर कोन हाय?"

"मी जातो," मी म्हणालो आणि पळालो.

समोरून एक मोटरसायकल येत होती. मी हात जोडून म्हणालो, "नमस्कार, जेवण करून जाता का?" त्या माणसानंही हसून हात जोडले आणि तो निघून गेला. दुसराही तसाच गेला. तिसरा येताना दिसला, तेवढ्यात मागून, भरल्या तोंडानं, आवाज आला:

"आरं, इचारायलास काय त्येला? चावी काढ की!"

मी चावी काढली.